थक, बा, की

सर म्हणाले, "टेबलचं पान आडवं कर, शेऱ्याचा रकाना वाचताच येत नाहीये." खरंच होतं, १४ कॉलम आणि उभं पान, एकेकाच्या वाट्याला अर्धा इंचही नाही, त्यामुळे 'थकबाकी' म्हणजे वर 'थक', खाली 'बा', त्याच्या खाली 'की'. वर्डमध्ये दोन क्लिकचं काम. पण दर महिन्याला कोण करत बसणार म्हणून मागेच वर्डची फाईल आपोआप बनवणारी पायथॉनची स्क्रिप्ट लिहायचा शहाणपणा मी केलेला, आता भोगा.

ओरिएंटेशन इक्वल टू लँडस्केप. एक ओळ. रन केलं, फाईल उघडली, पान आपलं उभंच, वर्गाबाहेर काढल्यासारखं. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की पायथॉन-डॉक्स, म्हणजे पायथॉनमधून वर्डची फाईल बनवायची लायब्ररी, नुसती 'आडवं' अशी नोंद करतं, रुंदी-उंची आपण बदलायची. रेशनकार्डावर लग्न झालंय, घरात नवरी नाही!

बरं, मग रुंदीत उंची टाकली, पुढच्या ओळीत उंचीत रुंदी. हसू नका, पहिल्या ओळीतच रुंदी ११ इंच झालेली, दुसरीने तीच ११ उचलली आणि पान निघालं ११ बाय ११, चक्क कॅरमबोर्ड. आणि हो, हे ११ कुठून आलं तर तिथे डिफॉल्ट साईज लेटर असते, साडेआठ बाय ११, हा कागद आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने जन्मात पाहिला नसेल. शेवटी ए४ चे २९७ आणि २१० मिलिमीटर हातानेच लिहिले.

पान आडवं झालं. कव्हरिंग लेटरपण झालं. कारण ओरिएंटेशन पानाचं नसतंच, सेक्शनचं, म्हणजे फाईलच्या एका अख्ख्या भागाचं असतं, आणि माझ्या अख्ख्या फाईलमध्ये सेक्शन एकच. मग टेबलसाठी नवीन सेक्शन, त्याच्यानंतर तिसरा, पण तिसरा दुसऱ्याचा गुण घेऊनच जन्माला येतो, त्याला परत उभं करायचं मी विसरलो आणि सह्यांचं पान पण आडवं पडलं. घरी जेवायला या म्हणून तीनदा फोन आला तेव्हा बायकोने मला उभं आडवं घेतलं, तेही एकाच सेक्शनमध्ये.

रात्री साडेदहाला झालं एकदाचं, लेटर उभं, टेबल आडवं, सह्या उभ्या.

सकाळी सरांनी चष्मा लावून शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. ४३ ओळी होत्या, सगळ्यात 'निरंक'.

"हां," म्हणाले, "आता कसं स्पष्ट दिसतंय."