चेतक नाहीये हो ही!

पुण्यात अलका चौकात माझ्या जुन्या स्कूटरवर सिग्नलला थांबलो की शेजारून प्रश्न आलाच म्हणून समजा. "काका, चेतक का?" अहो, पुढं ठसठशीत लिहिलंय, लॅम्ब्रेटा! मिलानच्या लांब्राते भागातलं घराणं आहे ते. तिकडचा कारखाना बंद पडल्यावर यंत्रसामग्री लखनौला आली, ही झाली 1972 ची गोष्ट. पण ऐकायला वेळ कुणाला? सिग्नल सुटतो.

परवा नळ स्टॉपला बंद पडली. मी रस्त्याकडेला उकिडवा बसून प्लग काढला, काळा कुळकुळीत, पेट्रोलमध्ये मिसळायच्या टूटी (2T) ऑइलनं माखलेला. फडक्यानं पुसतोय तोच एक गृहस्थ आले. "आडवी करा, लगेच चालू होईल." जुन्या चेतकचं इंजिन उजव्या कुशीला असायचं, हिचं मधोमध. हे सांगेपर्यंत त्यांनी हँडल धरून गाडी तिरकी केलीसुद्धा! टाकीच्या झाकणातून पेट्रोल थेट माझ्या चपलेवर. वर म्हणतात कसे, "आमच्याकडं होती हो, भंगारात दिली." हे सांगताना लाज नाही, उलट अभिमान!

प्लग बसवला, तिसऱ्या किकला फटफटली. निघणार, तेवढ्यात मागून आवाज :

"ॲव्हरेज किती देते?"