विल्सनचं हिब्रू व्याकरण आणि मावशींचा मलिदा

परवा शेजारच्या बेने इस्राएल (म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी) मावशींनी मलिदा पाठवला, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वरून फळं, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने करतात तो. आणि मी तेव्हा नेमकी रविवारच्या वर्गासाठी बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा ११वा अध्याय, नेमका यहुद्यांबद्दलचा, काढून बसले होते!

विल्सन कॉलेज सगळ्यांना माहितीये, पण त्या जॉन विल्सनने, म्हणजे स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) मिशनरीने, १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून काढलं हे किती जणांना ठाऊक आहे? ते होतं मावशींच्या पूर्वजांसाठी, कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांसाठी. ते मिशनच्या शाळेत शिकले, तिथेच मास्तर झाले, पण बाप्तिस्मा घेणारे अगदी मोजके. उलट १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची हग्गादा, म्हणजे त्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासकट छापून निघाली. मला याचा मनापासून आनंद वाटतो आणि हे मी ख्रिस्ती असून म्हणतेय.

प्रेस्बिटेरियन लोकांचं म्हणणं असं की देवाने इस्राएलशी केलेला करार मोडलेला नाही, म्हणून सुवार्ता "प्रथम यहूद्याला". १८३९ला स्कॉटलंडच्या चर्चने चार पाळक पॅलेस्टाईनला पाठवले, त्यातले कीथ परतताना हंगेरीतल्या पेस्ट शहरात (आजच्या बुडापेस्टचा भाग) आजारी पडून अडकले आणि त्यातूनच १८४१ला तिथे यहुद्यांसाठी मिशन उभं राहिलं. पण करार मोडलेला नाही असं एका तोंडाने म्हणायचं आणि दुसऱ्या तोंडाने तू यहुदी राहू नकोस म्हणायचं, हे मला कधीच पटलं नाही. पौल तर यहुदी नसलेल्या ख्रिस्त्यांना सरळ सांगतो की तू रानटी जैतुनाची कलम केलेली फांदी आहेस, मूळ तुला धरून आहे, तू मुळाला नाहीस.

त्याच बुडापेस्टच्या मिशनमध्ये १९३२ला जेन हेनिंग मेट्रन म्हणून आली. हॉस्टेलमध्ये यहुदी आणि ख्रिस्ती मुली एकत्र राहायच्या. युद्ध पेटल्यावर चर्चने परत ये म्हणून कळवलं, ती मुलींना सोडून गेली नाही. एप्रिल १९४४ला तिला पकडलं, आणि आरोपांमध्ये एक आरोप काय, तर मुलींच्या कपड्यांवरचे पिवळे तारे (यहुदी म्हणून ओळखू यावं यासाठी सक्तीने लावलेले) बघून ही रडली. जुलैमध्ये नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीत वारली ती, ४७ वर्षांची होती.

रविवारी वर्गात मुलांना आधी ही जेन सांगणार आहे, अध्याय नंतर. मावशींचा डबा धुवून ठेवलाय, तोही रिकामा कसा पाठवायचा, बघते काहीतरी.