घोडा काढून खेळणं म्हणजे लिंबूटिंबूची सोय नव्हे

बुद्धिबळवाल्यांच्या गटांत हल्ली एक मजकूर फिरतोय. मला तो तिघांकडून आला. त्यातल्या दोघांना पटावरचा उंट कुठला आणि वजीर कुठला हे अजून विचारावं लागतं, पण ते असो. मजकूर थोडक्यात असा: व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनचे क्लब 'हँडिकॅप' स्पर्धा भरवत. त्यात उस्तादानं आपला घोडा नाहीतर हत्ती आधीच पटावरून उचलायचा आणि समोरच्या हौशी शेठजींना जिंकल्याचं समाधान द्यायचं. म्हणजे दुबळ्याला घातलेली भीक. एक मोहरा जास्त असूनही हरणारे ते शेठजी किती कच्चे असतील! शिवाय सगळा मामला शिलिंगांच्या जुगाराचा. कोण किती पाण्यात आहे हे मोजायची अक्कल इलो रेटिंग (खेळाडूची ताकद आकड्यात सांगणारी पद्धत) आल्यावर आली आणि संगणकानं हा थिल्लरपणा कायमचा गाडला. तात्पर्य, ते खरं बुद्धिबळ नव्हतंच.

यात एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती पुढे येईलच. बाकीचं तपासू.

आधी 'भीक'. आपल्याकडे गल्लीतल्या खेळात लिंबूटिंबू असतो. तो बाद झाला तरी बाद नसतो, त्याच्या धावा कोणी मोजत नाही. हँडिकॅप म्हणजे हेच, असं मजकूर लिहिणाऱ्याला वाटलेलं दिसतं. पण लिंबूटिंबूला बक्षीस मिळत नाही आणि हँडिकॅप स्पर्धेत तळाच्या वर्गातला कारकूनसुद्धा पहिलं बक्षीस घेऊन घरी जाऊ शकत होता. स्पर्धा भरवण्याचं कारणच ते होतं. क्लबात पाच-सहा तगडे खेळाडू आणि बाकी पन्नास जण संध्याकाळी काम आटपून येणारे. सगळे बरोबरीनं खेळले तर बक्षिसं त्या पाच-सहांतच वाटली जाणार, हे वर्गणी भरण्याआधीच सगळ्यांना ठाऊक. मग वर्गणी भरणार कोण? कुस्तीच्या फडात पंच तोलामोलाची जोड लावतात, म्हणून लोक तिकीट काढून बघायला येतात. इथं माणसं तोलामोलाची नव्हती, म्हणून पटच तोलून घेतला.

हा तोल अंदाजपंचे नव्हता. क्लब आपल्या सभासदांचे वर्ग पाडी. एकाच वर्गातले दोघं समोर आले तर सरळ डाव. त्याखाली उतरत जाणारी शिडी साधारण अशी: एक प्यादं आणि चाल (म्हणजे उस्ताद एक प्यादं काढणार आणि पहिली चाल समोरच्याची), मग एक प्यादं आणि दोन चाली (समोरच्याला सुरुवातीलाच लागोपाठ दोन), मग घोडा, मग हत्ती. वजीर अगदी नवशिक्यासाठी. काढायचं प्यादंही ठरलेलं, राजाच्या बाजूच्या उंटापुढचं. डाव सुरू होताना त्या घराला राजाखेरीज कोणाचाच आधार नसतो, त्यामुळे ते गेलं की पहिल्या चालीपासून राजाच्या अंगाला वारा लागतो. मात्र सूट देणाऱ्यालाही त्यातून काहीतरी मिळतं: किल्लेकोट केला, म्हणजे एकाच चालीत राजा बाजूला नेऊन हत्ती त्याच्या पलीकडे आणला, की हत्तीपुढची ती पट्टी आयती मोकळी. 'दोन चाली'ची सूट घेणाऱ्यानं त्या दोन चालींत पटाची मधली रेघ ओलांडायची नाही, असाही नियम होता. नाहीतर वजीर थेट शह देत घुसला असता. हत्ती काढला की त्याच्यापुढचं प्यादं पोरकं होतं, म्हणून ते एक घर पुढे ठेवून डाव मांडायचीही पद्धत होती. भीक घालणारा इतका हिशेब करत बसत नाही.

आणि सूट देण्यात कमीपणा नेमका कोणाचा, हे तर मजकुरानं पार उलटं लिहिलंय. देशापेल नावाचा एक फ्रेंच उस्ताद होता, उजवा हात लढाईत गमावलेला. व्हिक्टोरिया गादीवर यायच्या आधीचा, पण हा सगळा रिवाज समजायला त्याच्यासारखं उदाहरण नाही. हा माणूस बरोबरीनं खेळायलाच तयार नसे. मी प्यादं देणार, तुला घ्यावंच लागेल, असा त्याचा हट्ट. १८२१ मध्ये पॅरिसजवळ सँ-क्लू इथं इंग्लंडचा विल्यम लुईस त्याच्याशी प्यादं-आणि-चाल घेऊन तीन डाव खेळला. एक जिंकला, दोन बरोबरीत सोडवले. आता या निकालातून ठरलं काय? देशापेल म्हणायला मोकळा की मी प्यादं दिलं होतं. जिंकला तर दुप्पट शाबासकी, हरला तर सबब तयार. सूट ही घेणाऱ्याच्या गळ्यातला धोंडा नव्हती, बरेचदा देणाऱ्याच्या हातातली ढाल होती. पॉल मॉर्फीनं १८५९ मध्ये युरोप जिंकून अमेरिकेत परतल्यावर जाहीर केलं की यापुढे प्यादं-आणि-चाल दिल्याशिवाय मी कोणाशी सामना खेळणार नाही. सूट घेऊन हरलो तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे पहिल्या फळीतल्या प्रत्येकाला कळत होतं. इथं अब्रूचा प्रश्न घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यानं मांडलेला आहे.

'एक मोहरा जास्त असूनही हरले म्हणजे कच्चे असणार'. हे वाक्य मात्र लोकांना पटकन पटतं, म्हणून यावर जरा थांबतो.

मॉर्फीचाच एक डाव घ्या. न्यू ऑर्लिन्स, साल १८५० सांगतात. मॉर्फी बारा-तेरा वर्षांचा आणि समोर त्याचे वडील अलोन्झो, जे लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. पोरानं वजिराच्या बाजूचा हत्ती काढून ठेवलेला. सहाव्या चालीला पांढरा घोडा उंटापुढच्या त्याच नाजूक प्याद्यावर पडला आणि काळ्या राजानं तो मारला. तिथून राजाची जी पायपीट सुरू झाली! घोडा मारायला एक पाऊल बाहेर, मग मध्यात, मग रेघ ओलांडून पलीकडे, दुसरा घोडा खाऊन आणखी आत. सतराव्या चालीला तो पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत पोचला आणि तिथला उंटही त्यानं खाल्ला. एकूण आठ पावलं राजाचीच. मोजलं तर वडिलांकडे मोहऱ्यांचा ढीग. मग अठराव्या चालीला पोरानं किल्लेकोट केला आणि त्या किल्लेकोटानंच मात झाली.

हा डाव 'बघा किती भारी' म्हणून पुष्कळदा दाखवतात. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. मॉर्फीकडे जो हत्ती उरला होता, तोसुद्धा अठराव्या चालीपर्यंत जागचा हलला नव्हता. मग जो नव्हताच त्याची उणीव कुठं भासणार? कोपऱ्यातला हत्ती डावाच्या पहिल्या पंधरा-वीस चालींत सहसा झोपलेलाच असतो. तो अंगावर येतो शेवटाला, पट रिकामा झाल्यावर. म्हणजे हत्ती देणारा मोहरा देत नाही, वेळ विकत घेतो: मला वीस चालींत निकाल लावावा लागेल, नाहीतर मी मेलो. घेणाऱ्याला फक्त टिकायचंय. मोहऱ्यांची अदलाबदल करत राहायचं, शेवटाला जादा हत्ती आपोआप बोलतो. हे सांगायला सोपं आहे. पण तेव्हा बचावाची विद्याच अजून बाळबोध होती, आणि दिलेला घोडा न खाणं भेकडपणाचं वाटे. न्यायाधीश कच्चे नव्हते. त्या काळाचं बुद्धिबळच तसं खेळलं जात होतं.

माझे आजोबा आमच्या ओसरीवर माझ्याशी हत्ती काढून खेळायचे. काढलेला हत्ती सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि डावभर त्यावर बोटं फिरवत बसायचे. मी लागोपाठ तीन डाव जिंकलो की हत्ती खिशातून पटावर यायचा आणि घोडा खिशात जायचा. मला त्यात अपमान कधी वाटला नाही. घोडा खिशात गेला त्या दिवशी मी आईला जाऊन सांगितलं होतं. शिडी होती ती, आणि मी एक पायरी चढलो होतो.

हाच 'मोजमाप इलोनंतर आलं' याला जबाब आहे. फिडेनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघानं, इलो पद्धत स्वीकारली १९७० मध्ये, हे खरं. पण त्याआधी शंभरेक वर्षं 'अमका मला घोडा देतो' हे वाक्य म्हणजेच रेटिंग होतं. कुठल्याही शहरातल्या क्लबात जाऊन ते सांगितलं की समोरच्याला तुमची पायरी कळे. इलोच्या गणितात २०० गुणांचा फरक म्हणजे वरच्यानं १०० पैकी सुमारे ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा. जुनी पद्धत तोच फरक डाव सुरू होण्याआधी पटावरून वजा करून टाकायची. एक अंदाज सांगते, दुसरी फेड करते. दोन्ही मोजमापंच. हॉवर्ड स्टाँटन, म्हणजे ज्याच्या नावाच्या सोंगट्या आजही सगळ्या स्पर्धांत वापरतात तो, त्यानं १८४९ मध्ये 'चेस प्लेअर्स कम्पॅनियन' काढलं तेव्हा त्यात ऑड्सवरचा, म्हणजे याच सुटीवरचा, नवा प्रबंध आहे हे मुखपृष्ठामागच्या पानावरच छापलं. थिल्लरपणावर कोणी प्रबंध लिहीत नाही.

मोजपट्टीत खोट मात्र होती. प्यादं-आणि-दोन-चाली आणि घोडा या दोन पायऱ्यांमध्ये मोठी दरी आहे. पहिली अपुरी पडते आणि दुसरी डोईजड होते असे खेळाडू कायम अधांतरी. माझा दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. उंटापुढचं प्यादं नसलेल्या पटावर तुम्ही जे शिकता, ते पूर्ण पटावर फारसं उपयोगी पडत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं सूट घेऊन खेळणारा सूट घेऊन खेळण्यातच तरबेज होई. मजकूर लिहिणाऱ्यानं हे लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

आता जुगार. अर्धी खरी गोष्ट ती हीच. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर सिम्पसन्सचं 'दिवान' होतं, बुद्धिबळवाल्यांचा अड्डा. आत जायला सहा पेन्स, कॉफी आणि सिगार धरून दीड शिलिंग, नेहमीच्यांसाठी वर्षाची एक गिनी. तिथं व्यावसायिक खेळाडू दिवसभर बसून असत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी डावाला एक शिलिंग लावून खेळत. सूट दिली नाही तर शिलिंग लावणार कोण? पोटाचा प्रश्न होता, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पैशावरूनच खरं-खोटं ठरवायचं तर बरोबरीच्या सामन्यांचं काय? १८४३ मध्ये पॅरिसला स्टाँटन आणि फ्रान्सचा सँ-तामां भिडले ते शंभर पौंडांवर. १८८६ चा स्टाइनिट्झ-झुकरटोर्ट सामना, ज्याला आपण पहिली जगज्जेतेपदाची लढत म्हणतो, तो प्रत्येकी दोन हजार डॉलर लावून झाला. मोठा पैसा बरोबरीच्या पटावर होता.

आणि 'खरं बुद्धिबळ नव्हतंच' म्हणणाऱ्यानं १८५२ मध्ये स्थापन झालेल्या सिटी ऑफ लंडन क्लबाकडे बघावं. हँडिकॅप स्पर्धांसाठी हा क्लब नावाजलेला. याच क्लबानं १८७२ ते १८७४ मध्ये व्हिएन्नाशी पत्रांतून सामना खेळला आणि जिंकला. लंडनच्या बाजूनं डोकं चाललं ते पॉटर आणि स्टाइनिट्झ या दोघांचं. घाई न करता जागा धरून बसणं, छोटे फायदे साठवणं, ही आज आपण 'पोझिशनल' म्हणतो ती खेळी तिथं आकार घेत होती. एकाच छपराखाली एका संध्याकाळी घोडा काढून डाव चालत आणि दुसऱ्या संध्याकाळी व्हिएन्नाच्या पत्राला काय उत्तर द्यायचं यावर खल. ज्यांनी बुद्धिबळ शास्त्रशुद्ध केलं ती माणसं याच वातावरणातली होती.

राहिला संगणक. हँडिकॅप मागे पडलं त्याचं खरं कारण बचाव सुधारला हे आहे. साधा क्लबातला खेळाडूही जादा घोडा शेवटापर्यंत सांभाळायला शिकला, की सूट देणाऱ्याची वीस चालींची घाई फसते. अमेरिकेच्या बॉबी फिशरनं १९६०च्या दशकात बढाई मारली की जगातल्या कुठल्याही बाईला मी घोडा देऊन हरवीन. त्यावर माजी जगज्जेता मिखाइल ताल म्हणाला म्हणतात, फिशर तो फिशर, पण घोडा तो घोडा. आणि स्पर्धाही रेटिंगचे गट पाडून भरू लागल्या, तेव्हा पट तोलायची गरज उरली नाही. यात संगणकाचा संबंध नाही. उलट संगणकानंच ही पद्धत परत आणली. २००७ मध्ये रिब्का हा प्रोग्राम ग्रँडमास्टर एल्व्हेस्टला प्यादं देऊन खेळला आणि साडेपाच-अडीच असा जिंकला. २०१६ मध्ये ग्रँडमास्टर नाकामुरा आणि कोमोडो हा प्रोग्राम यांच्यात चार डाव झाले, चारही सूट घेऊन. तीन बरोबरीत सुटले. चौथ्यात नाकामुराला सुरुवातीलाच चार चाली फुकट होत्या, तोच तो हरला. माणसांमाणसांतही सूट गेलेली नाही. नॉर्वे चेस स्पर्धेत डाव बरोबरीत सुटला की आर्मागेडन लावतात: पांढऱ्याला दहा मिनिटं, काळ्याला सात, पण बरोबरी झाली तर काळा जिंकला. हे हँडिकॅप नाही तर काय आहे? मोहऱ्याऐवजी घड्याळ कापलं, एवढंच.

लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर लीला या बुद्धिबळ-प्रोग्रामचे काही बॉट आहेत, घोडा काढून खेळणारे, वजीर काढून खेळणारेही. मजकूर तिसऱ्यांदा आला त्या रात्री मी वजीरवाल्याशी एक डाव लावला. अठराव्या चालीपर्यंत मला वाटत होतं, आता फक्त मोहऱ्यांची अदलाबदल करायचीय. सव्विसाव्या चालीला माझा राजा मधल्या पट्टीत उघड्यावर होता आणि माझा वजीर, जो मोहराच त्याच्याकडे नव्हता, कोपऱ्यात एक प्यादं खात बसला होता.