भूत दिसलं नाही म्हणून भीती नाही?

"आजकालच्या भयकथांत दम नाही. भूत धड दिसत नाही, हातात मोबाइल असताना घाबरायचं कशाला, आणि शेवटी उलगडा तर होतच नाही." भयसाहित्याचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. मला यातला एकही मुद्दा पटत नाही.

आधी भुताचं बघू. समांता श्वेब्लिन या अर्जेंटिनाच्या लेखिकेची २०१४ची छोटी कादंबरी आहे, इंग्रजीत 'फीव्हर ड्रीम' नावाने आलेली. गावाकडे सुट्टीला आलेली एक आई लहान मुलीवर सतत नजर ठेवून असते. काही झालंच तर तिच्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल, हा हिशोब तिच्या डोक्यात अखंड चालू. एके ठिकाणी ट्रकमधून प्लास्टिकचे पिंप उतरवले जात असतात आणि मायलेकी जवळच गवतात बसतात. मुलीचे कपडे ओले होतात. दव असेल, असं आईला वाटतं. बस्स, एवढंच. किंचाळी नाही, सावली नाही. पण ते दव नाही, हे वाचकाच्या हळूहळू लक्षात येतं आणि पोटात गोळा येतो. आई अंतर मोजत राहिली. घात झाला तो मुलगी तिच्या शेजारी असताना. त्यात हे विष शेतांवर फवारतात त्या जातीचं, म्हणजे पुस्तक मिटलं तरी ते बाहेर आहेच. इथे भूत आणलं असतं तर उलट आपली सुटका झाली असती, कारण भुतावर विश्वास न ठेवण्याची सोय असते.

मोबाइलच्या मुद्द्यावर फार थांबायला नको. भय त्या त्या काळाच्या यंत्रात शिरतंच. जपानी लेखक कोजी सुझुकींच्या १९९१च्या 'रिंग' या कादंबरीत शाप व्हिडिओ कॅसेटमधून येतो. बघणाऱ्याला सात दिवस मिळतात, आणि सुटायचं तर कॅसेटची प्रत काढून दुसऱ्या कुणाला तरी दाखवायची. स्वतः वाचण्यासाठी कुणाला पुढे करायचं, हा प्रश्न मला त्या शापापेक्षा जास्त छळतो. हातात मोबाइल आल्याने तो सुटलेला नाही, उलट पुढे पाठवणं अधिक सोपं झालंय.

राहिला उलगडा. तो न करणं ही आजची खोड नव्हेच. हेन्री जेम्स या लेखकाची 'द टर्न ऑफ द स्क्रू' ही छोटी कादंबरी १८९८ची. मुलांना सांभाळणाऱ्या बाईला दिसणारी भुतं खरी की तिच्या मनाचे खेळ, यावर शंभराहून अधिक वर्षं वाद चालू आहे. आणि दोन्ही उत्तरं सारखीच भयंकर आहेत! भुतं खरी असतील तर मुलं त्यांच्या तावडीत; नसतील तर मुलं त्या बाईच्या तावडीत. लेखकाने उत्तर दडवलं असं नाही, वाचकाला पळायला वाटच ठेवली नाही.

हां, उत्तर स्वतःलाच सुचलं नाही म्हणून शेवट मोकळा सोडणारे लेखकही आहेत, आणि त्यांची संख्या कमी नाही. अशी कथा दुसऱ्यांदा वाचली की कळतं: आधीच्या पानांत काहीच पेरलेलं नसतं. तिला खुशाल नावं ठेवा. पण तिच्या रागापायी पिंपाशेजारचं ते ओलं गवत नजरेआड करू नका.