संबंधानंतर रक्त जातं ते ‘उष्णतेनं’ नव्हे

पुण्यातल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. संबंधानंतर रक्त दिसलं तर ती अंगातली उष्णता, सब्जा प्या आणि तुरटीच्या पाण्यानं धुवा. पाळी बंद झाल्यावर दिसलं तर ‘पाळी परत आली’. डॉक्टर ‘पिशवीच्या तोंडाला जखम’ म्हणाले तर पिशवी काढून मोकळ्या व्हा. आणि पॅप (गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी) नॉर्मल असेल तर विषय संपला.

उष्णतेचं आधी. सब्जानं अपाय नाही, पण रक्त कुठून येतंय ते त्यानं कळत नाही. ते बहुधा गर्भाशयाच्या तोंडावरून किंवा योनीच्या भिंतीवरून येतं: तोंडाशी लोंबणारा मऊ कोंब (पॉलिप), कोरडेपणानं पडलेली चीर, किंवा क्लॅमिडिया, गनोरियासारखा संबंधांतून पसरणारा संसर्ग. क्लॅमिडियावर साधारणपणे डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, ७ दिवस देतात. गरोदर बाईला वेगळं औषध. नवऱ्यानं औषध घेतलं नाही तर तोच संसर्ग परत येतो, आणि इथेच बहुतेकांचं फसतं. तुरटी कातडी आकसवते, त्यामुळे रक्त तात्पुरतं थांबल्यासारखं वाटतं. शिवाय आतून धुतलं की योनीतले उपयोगी जीवाणू निघून जातात आणि संसर्गाला वाट मिळते.

‘पाळी परत आली’ हे सगळ्यात घातक. शेवटच्या पाळीला वर्ष उलटल्यावर दिसलेलं रक्त, एक डाग का असेना, तपासायचंच. बऱ्याचदा कारण साधं असतं: इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) कमी झाल्यानं योनीचं अस्तर पातळ होतं. त्यावर पाण्याचा बेस असलेलं जेल आणि डॉक्टरांनी दिलेली इस्ट्रोजेनची क्रीम, सहसा पहिले २ आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. (खोबरेल तेल लावलंत तर लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो.) पण आधी योनीमार्गे सोनोग्राफी हवी. पिशवीचं अस्तर ४ मिमीपेक्षा जाड निघालं, किंवा रक्त परत परत गेलं, तर तुकडा तपासायला पाठवतात.

‘जखम’ हा शब्दच दिशाभूल करतो. गर्भाशयाच्या तोंडाच्या आतलं नाजूक, लालसर अस्तर बाहेरच्या बाजूला दिसतं, एवढंच. गर्भनिरोधक गोळ्यांवर असलेल्या आणि गरोदर बायकांत ते बऱ्याचदा आढळतं. तेवढ्यासाठी पिशवी काढायची नसते. उलट तिथे खरंच कॅन्सर असेल आणि तो न ओळखता साधी शस्त्रक्रिया झाली, तर पुढचे उपचार अवघड होतात. म्हणून आधी तुकडा, मग निर्णय.

पॅप ही तक्रार नसलेल्या बायकांसाठीची चाळणी आहे. रक्त जात असेल तर नॉर्मल रिपोर्टवर थांबायचं नाही, कारण वाढलेल्या गाठीवरचं रक्त आणि सडका भाग नमुना बिघडवतो. स्पेक्युलम (योनी उघडी धरणारं उपकरण) लावून गर्भाशयाचं तोंड डोळ्यांनी पाहणं, संशय आला तर कॉल्पोस्कोपी (भिंगातून तपासणी) आणि तुकडा. हडपसरच्या सीरममध्ये बनणारी सर्व्हाव्हॅक ही लस घेतली असली तरीही हेच: ती एचपीव्हीच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या) ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांपासून वाचवते, आधीचा आजार बरा करत नाही.

स्त्रीरोग ओपीडीत जाताना हे लिहून न्या: शेवटच्या पाळीची तारीख, रक्त किती वेळा आणि किती गेलं, गोळ्या, तांबी, रक्त पातळ करणारी औषधं. पाळी चुकली असेल तर आधी लघवीची गरोदर चाचणी. तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल किंवा चाचणी पॉझिटिव्ह असून पोटात एका बाजूला दुखत असेल, तर ओपीडीची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठा.