पान्हा ओला परत दिला

पान्हा ओला परत दिल्याचा आरोप माझ्यावर आहे. आरोप शेजारच्या काकांचा, आणि कालपर्यंत तो गल्लीच्या टोकाच्या किराणा दुकानापर्यंत पोचलाय. माझं म्हणणं एवढंच, की ज्या न्हाणीत अर्धा तास कारंजं उडत होतं तिथून कोरडा पान्हा आणायचा कुठून?

रविवार होता. मटण शिजत होतं, दुपारी भारताची मॅच होती, आणि न्हाणीतला अर्धा इंची पितळी नळ टपटपत होता.

गळक्या नळाचं निदान सोपं असतं. बंद केल्यावर तोंडातून ठिबकत असेल तर आतला वायसर, म्हणजे रबराची चकती, गेला. चालू असताना मुठीखालून पाझरत असेल तर मुठीच्या दांड्याभोवतीची ग्लँडची दोरी गेली. घरातली माणसं दोन्हींवर उपाय एकच करतात, मूठ आणखी आवळतात. त्यानं रबर चेचतं, मग पितळ पितळेवर घासतं, आणि वायसर जिथं टेकतो त्या आतल्या सीटला एकदा चर पडली की नवा वायसर घालूनही नळ गळायचा तो गळतोच.

आमच्याकडं बेळगावात वायसर लवकर जातात, त्याला कारण आहे. पाणी राकसकोप धरणाचं असो की हिडकलच्या, ते वार धरून येतं, आणि वारसुद्धा पाळेलच असं नाही. 2008 साली शहरातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. त्या वॉर्डांत आमची गल्ली नव्हती. आमच्या नळाला आधी हवा येते, मग गाळ, मग पाणी. तो गाळ रबर आणि सीटच्या मध्ये जाऊन बसतो. म्हणून पहिली बादली मोकळी सोडून द्यावी. पण इतक्या दिवसांनी आलेलं पाणी गटारात ओतायला काळीज लागतं, ते आमच्या घरात कुणाकडं नाही.

वायसर बदलायला दोन पान्हे लागतात. एकानं नळाचं अंग धरून ठेवायचं, दुसऱ्यानं वरची टोपी उलटी फिरवायची. अंग धरलं नाही तर टोपीबरोबर अख्खा नळ फिरतो आणि भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या एल्बोला, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या जोडाला, पीळ बसतो. माझ्याकडं पान्हा एकच. दुसरा काकांकडं. काका पान्हा देतात, पण पान्ह्याबरोबर स्वतः येतात.

"काय, वायसर काय?" दारात उभं राहून त्यांनी विचारलं. लुंगी, हातात चहाचा कप. कप आमच्याच घरातला.

"होय काका. तुमची मॅच चुकेल की."

"आज मी उठलेलंच बरं. 2023 च्या फायनलला, 19 नोव्हेंबर, रविवारच होता, चहा आणायला म्हणून उठलो आणि कोहली बोल्ड. 54 वर. मग जागचा हललो नाही, तर तो हेड 137 करून गेला. म्हणजे उठूनबी चालत नाही, बसूनबी चालत नाही."

मी टाकीचा गेट वॉल्व्ह आवळून आलो, खालचा नळ सोडून पाइप रिकामा केला, मुठीचा स्क्रू काढला. काकांचा पान्हा नळाच्या अंगाला, माझा टोपीला. इतक्यात आत टीव्हीवर कुणीतरी पायचीतचं अपील केलं आणि रिव्ह्यू घेतला. अंपायर्स कॉल.

"हे तुला कळतंय काय?" काकांनी विचारलं. "अंपायरनं नाबाद दिलंय न्हवं? मग निम्मा तरी चेंडू स्टंपावर लागायला पाहिजे. नुसता चाटून गेला तर अंपायरचंच खरं. आपलं बेळगाव म्हणजे अंपायर्स कॉल बघ."

इथं मी पान्हा ठेवून निघून जायला हवं होतं.

"सीमाप्रश्नाचा महाजन आयोग म्हणजे मैदानातला अंपायर. 66 साली नेमला, 67 ला बोट वर केलं, बेळगाव कर्नाटकात. आणि अंपायर पाहिजे म्हणून आपणच ओरडलावतो, ते विसरू नकोस. मग रिव्ह्यू कधी घेतला? 2004 ला. सुप्रीम कोर्टात. रिव्ह्यूला किती सेकंद असतात? पंधरा. आपण 37 वर्षं लावली!"

"आणि निकाल?"

"थर्ड अंपायर अजून रिप्ले बघालाय. तवर इकडं 2014 ला बेळगावचं बेळगावी झालं. आमच्या नळाचा वार मात्र त्यांनी बदलला न्हाई." पुढं बराच वेळ दोन्ही सरकारांचा उद्धार झाला. त्यातलं मला बहुतेक सगळं पटत होतं, हीच चीड आणणारी गोष्ट. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तिकडून महाराष्ट्रातलेही पुढारी सीमाभागाच्या आठवणीनं व्याकूळ होतात, आणि जानेवारीत आम्ही बादली घेऊन तिथंच.

मग काकांना चेंडूचा मार्ग दाखवायची हुक्की आली. "हितं टप्पा, लेगच्या बाहेर पडला तर विषयच संपला," म्हणत त्यांनी नळाला लावलेला स्वतःचा पान्हा काढून घेतला आणि फरशीवर टेकवला. त्याच क्षणी मी टोपीवर जोर दिला.

नळ फिरला. भिंतीत कटकन आवाज झाला.

गेट वॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवला नाही की आतली पात गाळावर अडते. तो बंद होत नाही, बंद झाल्याचं सोंग घेतो. वर्षातून दोनदा नुसता उघडझाप केला तर हे होत नाही. टाकीतलं सगळं पाणी माझ्या अंगावरून न्हाणीत आणि न्हाणीतून मटणाच्या दिशेनं निघालं. काका कप उंच धरून बाहेर पडले. जाता जाता म्हणाले, "हातानं धरायचं न्हवं काय?"

प्लंबरला फोन केला. "नाळे बर्तीनि री." म्हणजे कानडीत, उद्या येतो. नळासाठी नाळे! सोमवारीही नाळे, मंगळवारीही नाळे. तोवर फुटक्या एल्बोत चिंधीचा बोळा, आणि वरची टाकी रिकामी.

बुधवारी तो आला. भिंत फोडली, पितळी धाग्याचा नवा एल्बो बसवला. नळाला टेफ्लॉन टेप गुंडाळताना त्याची दिशा मी नीट बघितली. आटे आपल्याकडं धरून घड्याळाच्या काट्याप्रमाणं, दहा-बारा वेढे. उलटी गुंडाळली तर नळ आवळताना टेप सुटून गोळा होते. जुन्या नळाला नवा वायसरही त्यानंच घातला, आणि टोपी बसवायच्या आधी मूठ पूर्ण सैल केली, नाहीतर नवं रबर सीटवर दाबून पहिल्याच फेऱ्यात कापतं.

मग पिशवीत हात घालून त्यानं बराच वेळ काहीतरी शोधलं आणि माझ्याकडं वळून विचारलं,

"इन्नोंदु पाना ऐतेन्री?" म्हणजे, आणखी एक पान्हा आहे काय?