‘स्नूपिंग बंद करा, मल्टिकास्ट चालू होईल’ म्हणे!

पुण्यात सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं घेणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातल्या एकाने तर “सर, सेव्ह करून ठेवा” असं बजावून. विषय मल्टिकास्ट, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र एकदाच पाठवून ते मागणाऱ्या सगळ्यांपर्यंत पोचवणं; अशा प्रवाहाचा जो सामाईक पत्ता, तो ‘ग्रुप’. व्हीलॅन म्हणजे स्विचमध्ये पाडलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा. मजकूर थोडक्यात असा: “मल्टिकास्ट दुसऱ्या व्हीलॅनमध्ये जात नाही? आयजीएमपी स्नूपिंग बंद करा. सगळीकडे पिम डेन्स मोड टाका, आरपी फक्त मोठ्या कंपन्यांना लागतो. ग्रुपचा पत्ता २२४ने सुरू होणारा कुठलाही चालतो. पिंग जातोय म्हणजे मल्टिकास्टही जाणारच. तरी नाही चाललं तर स्विच रिबूट करा.”

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या सल्ल्याने होतं, म्हणून तोच आधी घेतो. यंत्रं ज्या भाषेत ग्रुप मागतात ती आयजीएमपी. कोणत्या पोर्टवरच्या यंत्राने कोणता ग्रुप मागितलाय हे स्विचने कान देऊन ऐकायचं आणि तेवढ्याच पोर्टांवर तो सोडायचा, याला स्नूपिंग म्हणतात. हा एका व्हीलॅनच्या आतला मामला. दुसऱ्या व्हीलॅनमध्ये नेणं हे राउटिंगचं काम, आणि मल्टिकास्टचं राउटिंग करतो तो पिम. म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मग “आमच्याकडे तर चाललं” असं इतके लोक का सांगतात? भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं. कॅमेरे आणि सिक्युरिटी केबिनमधला टीव्ही एकाच व्हीलॅनमध्ये. टीव्ही लावला की चित्र यायचं, चार मिनिटं छान चालायचं आणि गोठायचं. बंद करून पुन्हा लावला की परत चार मिनिटं. मी मोबाइलवर वेळ लावली: ४ मिनिटं २० सेकंद. हा आकडा दिसला की मी पुढचं काही बघतच नाही, सरळ क्वेरियर शोधतो. “कोणाला काय हवंय?” अशी हाक दर १२५ सेकंदांनी द्यायला व्हीलॅनमध्ये कोणीतरी लागतं, तो क्वेरियर. हाक नाही तर उत्तर नाही, आणि उत्तर नाही तर स्विच २६० सेकंदांनी त्या पोर्टची नोंद पुसतो. दोन हाका आणि वर १० सेकंद, असा तो हिशोब. इथे क्वेरियरच नव्हता.

या गोठण्यावर ठेकेदाराने मेसेज वाचून स्नूपिंग बंद केलं. चित्र अखंड चालू, सगळे खूश. पण आता ३२ कॅमेऱ्यांचे प्रत्येकी ४ एमबीपीएस, म्हणजे १२८ एमबीपीएस, त्या व्हीलॅनच्या प्रत्येक पोर्टवर आदळायला लागले. हजेरीचं पंचिंग मशीन त्याच व्हीलॅनमध्ये, त्याचं पोर्ट १०० एमबीपीएसचं. सकाळच्या पाळीची माणसं गेटवर रांगेत आणि मशीन ढिम्म. उपाय काय होता? स्नूपिंग परत चालू करून स्विचवर क्वेरियर नेमणं. दोन ओळींचं काम. व्हीलॅनच्या इंटरफेसवर पिम चालू असेल तर तेही लागत नाही, स्विच आपणहून क्वेरियर होतो.

डेन्स मोडबद्दल: चालतो, खोटं नाही. पण त्याची रीतच अशी की आधी सगळीकडे ओतायचं, नको असणाऱ्यांनी नको म्हणायचं, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. सिस्कोच्या नेक्सस स्विचवर तर तो मोडच नाही, त्यामुळे मेसेजमधली ओळ तिथे टाकताच येत नाही. पिमचा दुसरा प्रकार, स्पार्स मोड घ्या; त्यात मागेल त्यालाच मिळतं. आणि आरपीचा कंपनीच्या आकाराशी संबंध नाही. आरपी म्हणजे मागणारा आणि पाठवणारा यांची गाठ घालून देणारा. एकच स्विच असला तरी तो लागतो, स्विचचाच लूपबॅक (कुठल्याही पोर्टला न बांधलेला) पत्ता आरपी म्हणून दिला की झालं. सूट आहे ती २३२च्या पत्त्यांवर आयजीएमपीची तिसरी आवृत्ती वापरून थेट स्रोत मागणाऱ्यांना.

पत्त्याचा सल्ला सरळ चूक आहे. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे पत्ते कोणताही राउटर पुढे नेत नाही, डोकं आपटलं तरी. आपल्याच नेटवर्कच्या आतल्या वापरासाठी २३९ने सुरू होणारे पत्ते आहेत. त्यातही एक खाच आहे: मॅक पत्त्यात (स्विच जो बघून पाकीट पोचवतो तो हार्डवेअरचा पत्ता) ग्रुपचे शेवटचे २३ बिटच उतरतात, म्हणून ३२ ग्रुपांचा मॅक एकच निघतो. २३९.०.०.५ आणि २३९.१२८.०.५ यांचा मॅक २२४.०.०.५चाच, आणि मॅक बघून चालणारे स्विच तो सगळीकडे उधळतात. मी २३९.१०.२०.१पासून पुढे देतो.

पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतंय का ही चाचणी) जातो म्हणजे फक्त एकाकडून एकाकडे जायचा साधा रस्ता आहे. मल्टिकास्टमध्ये स्विच उलटं बघतो: पाकीट ज्या इंटरफेसवरून आलं, स्रोताकडे परत जायचा रस्ता तिथूनच आहे का? नसेल तर पाकीट टाकून देतो. दोन लिंक असल्या की इथे हमखास गोची होते. शिवाय पिम टीव्हीच्या व्हीलॅनवर लावून कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनवर विसरणारे रोज भेटतात. आणि लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने चाचणी घेत असाल तर टीटीएल, म्हणजे पाकीट किती टप्पे टिकणार तो आकडा, आधी बघा. तो मुळात १ असतो, पहिल्याच राउटरवर संपतो. यात माझी एक शनिवारची अख्खी दुपार गेली आहे, दोष स्विचला देत.

राहिला रिबूट. क्वेरियर नसलेल्या व्हीलॅनमध्ये त्याने फरक पडतो, नाही कशाला म्हणू. ४ मिनिटं २० सेकंद.